मुरलेलं पाणी

आमच्या भागात त्याला थांबेकर म्हणतात. हे त्याचं खरं आडनाव नाही. खरं आडनाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीचा रंग उडाला, त्यानं तो पुन्हा दिला नाही, आणि लोकांनी ठेवलेलं नाव टिकलं. काचेच्या टाक्या बनवायच्या आणि त्यांत सोडायला मासे विकायचे हा त्याचा धंदा. पण मासे मागायला आलेल्या माणसाला त्याच्याकडून मासा मिळत नाही, आधी एक शब्द मिळतो: "थांबा."

समोरासमोर मी त्याला अहो-जाहो करते. मनात मात्र पहिल्या दिवसापासून अरे-तुरेच चाललंय. इथे मनातलंच लिहायचं आहे, तेव्हा तसंच राहू दे.

मी पहिल्यांदा त्या दुकानात गेले तेव्हा एक गृहस्थ नवी टाकी घेत होते. टाकी पसंत पडली, दर ठरला, आणि मग त्यांनी चार सोनेरी माशांकडे बोट दाखवलं.

"आज टाकी न्या," थांबेकर म्हणाला. "पाणी भरा, पंप लावा. सहा आठवड्यांनी या, मग मासे देतो."

"सहा आठवडे? अहो, उद्या घरी माणसं यायची आहेत!"

"मग त्यांना पाणी दाखवा."

"नुसतं पाणी?"

"नुसतं कसं? मुरत असलेलं."

गृहस्थ तरातरा रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेले. तिथे टाकी, मासे, रंगीत खडे, प्लॅस्टिकचं जहाज, सगळं दहा मिनिटांत बांधून देतात. गल्ल्यावर थांबेकराची बायको बसली होती. तिनं त्यांच्या पाठीकडे पाहत सुस्कारा टाकला.

"गेलं. आणखी एक गिऱ्हाईक पाण्यात गेलं."

"येतील परत. मासे मेले की येतील."

"लोक दुकानात हौसेनं येतात हो, रडायला नाही."

मी तिथे गेले होते ती माझ्या मुलीच्या मागोमाग. घरात आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी वर्गाला विषय मिळाला होता: परग्रहावर जीव जगायचा असेल तर त्या ग्रहाला काय काय लागेल? बाकीच्या मुलींनी थर्माकोलचे गोळे रंगवायला घेतले. माझीही मनात आखणी झाली होती. मधे पिवळा गोळा, भोवती लहान-मोठे ग्रह, त्यातल्या एकाला हिरवा पट्टा, आणि खाली माझ्या अक्षरात चार मुद्दे. भिंगरीनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, पण गोळ्यात जीव राहणार कसा?" दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती थांबेकराच्या दुकानात शिरली आणि घरी आली ती पाण्याचं पुराण घेऊनच.

"आई, तुला माहितेय, नळाचं पाणी कोरं असतं! त्यात काहीच जगू शकत नाही. ते मुरावं लागतं. काका म्हणाले."

मी रसायनशास्त्राची पदवी घेतली आहे आणि सात वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. भिंगरी होईपर्यंत किती विहिरी, किती टाक्या, किती नळ यांचे नमुने माझ्या हाताखालून गेले याची गणती नाही. पाण्यात काय असतं आणि काय नसतं हे मला आता 'काका म्हणाले' म्हणून कळणार होतं.

"किती शिकलेत गं तुझे काका?" मी विचारलं.

"विचारलं नाही. असं विचारतात का कोणाला?"

भिंगरी सातव्या महिन्यात जन्मली. पहिले एक्केचाळीस दिवस ती काचेच्या पेटीत होती. पेटीला दोन गोल भोकं होती, त्यांतून हात घालून मी तिच्या तळपायाला बोट लावायची. तेव्हापासून मला तिचा श्वास मोजायची सवय लागली आहे. पुढे तिला दमा निघाला. फार नाही, पण आहे. त्यामुळे ओलसर दुकान, बुरशी, माशांच्या खाद्याचा भुगा, अशी कारणं माझ्या हाताशी तयारच होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इनहेलर दप्तरात असू दे, जाऊ द्या तिला." तिचे बाबा म्हणाले, "अगं, पोरगी माशांच्या दुकानात जातेय, लढाईवर नाही." मग मी तिच्याबरोबर जाऊन बसायचं ठरवलं.

दुकानात काउंटरच्या बाजूला एक लोखंडी स्टूल आहे. त्यावर बसून मी महिनाभर पहारा केला. दम्याचं निमित्त होतं. खरं सांगायचं तर माझी मुलगी परक्या माणसाशी इतका वेळ काय बोलते, हे मला ऐकायचं होतं.

थांबेकर पन्नाशी उलटलेला, बुटका माणूस. दोन्ही हातांवर काचेचे पांढरे ओरखडे. काच कापायची हिरकणी चालवताना तो श्वास रोखतो. मग कडांना चिकटपट्टी लावतो आणि सिलिकॉनची रेघ एका दमात ओढतो. रेघ अर्ध्यावर असताना दुकानाला आग लागली तरी तो मान वर करणार नाही. टाकी तयार झाली की जुन्या वर्तमानपत्रांवर ठेवून काठोकाठ भरायची आणि दोन दिवस हात लावायचा नाही. कागद कोरडा राहिला तरच ती विकायची. त्या दोन दिवसांत तो उकिडवा बसून टाकीखालचा कागद वाचतो. त्याचं सगळं शिक्षण हे असं, शिळं आणि तुटक. टाकीखाली झाकलेला मजकूर त्याला दिसत नाही. मग कुठल्याशा ग्रहाची अर्धी बातमी तो भिंगरीला सांगायचा आणि उरलेली अर्धी ती शोधून आणायची. अशी दोघांची भागीदारी जमली होती.

"टाकी खिडकीला चिकटून ठेवली तर काय होतं, काका?"

"दुपारी तापते, पहाटे गार पडते. मासा नुसत्या गरमीनं मरत नाही गं, ओढाताणीनं मरतो."

"म्हणजे ताऱ्यापासून नीट अंतर पाहिजे. आणि फार लांब असला ग्रह, तर गोठेल."

"गोठू दे की वरून. खालून ऊब असली तर बर्फाखाली पाणी राहील. झाकण ठेवल्यासारखं."

"पण मग उजेड?"

"फिल्टरच्या पोटात कुठे उजेड असतो? आणि सगळ्यात दाट वस्ती तिथेच."

"आणि ग्रह अगदी लहान असला तर?"

"वाटीत मासा ठेवून बघ. लहान भांड्याला काही धरून ठेवता येत नाही. ना ऊब, ना हवा."

माझ्यानं राहवलं नाही. मी स्टुलावरून म्हटलं, "आणि चुंबकीय क्षेत्र असलेलं बरं. नाहीतर ताऱ्याकडून येणारे कण हवा हळूहळू उडवून नेतात." तोंडी परीक्षेत देतात तसं उत्तर झालं ते. दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर असणार," थांबेकर म्हणाला. "ताई शिकलेल्या आहेत."

त्यात खोच नव्हती. असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. भिंगरीनं माझं वाक्य वहीत उतरवलं आणि पुन्हा त्याच्याकडे तोंड केलं.

"परग्रहावरचे जीव दिसत कसे असतील, काका?"

तो उठून मागच्या टाकीपाशी गेला, फिल्टरच्या डबीतून स्पंज काढला आणि तिच्या नाकासमोर धरला. काळपट तपकिरी, बुळबुळीत, पाणी ठिबकणारा.

"असे."

भिंगरी हसली. मग हसायची थांबली आणि वाकून बघायला लागली.

"लोक मासे बघतात," तो म्हणाला. "मासा हा पाहुणा. यजमान हा. हा आधी येतो, न बोलवता, गुपचूप. मासा जी घाण करतो ती हा खातो. हा नसला तर मासा आपल्याच घाणीत मरतो. माझ्या टाकीत हा यायला सहा आठवडे लागतात. ग्रहावर किती लागत असतील?"

"कोट्यवधी वर्षं."

"मग तिथे जाऊन एकदम डोळे-हातपाय शोधू नका म्हणावं. आधी एखादी भिंत चाचपून बघा, बुळबुळीत लागते का."

भिंगरी पोट धरून हसली. घरी ती अशी हसत नाही असं नाही. पण घरी ती हसली की मी आधी तिला धाप लागतेय का ते बघते. त्या दिवशी दुकानातही मी तेच बघत होते, आणि तो मात्र तिच्याबरोबर हसत होता.

त्या मागच्या टाकीची गोष्ट मला त्याच्या बायकोनं सांगितली. मी तिला वहिनी म्हणते. थांबेकर बाराव्या वर्षी काच कापायच्या दुकानात कामाला लागला. खिडक्या, आरसे, तसबिरी. पुढे स्वतःचं दुकान काढलं तेव्हा कोणीतरी माशांची टाकी करून मागितली. पहिली गळली, दुसरी गळली. तिसरी करून भरून ठेवली, तर ज्यानं मागितली तो न्यायलाच आला नाही. ओतायचा कंटाळा म्हणून टाकी तशीच राहिली. त्यात कोणीतरी पाणवनस्पतीची काडी टाकली, काडीबरोबर गोगलगाय आली. महिन्याभरानं बघतो तर काचेवर काहीबाही चरतंय, पोहतंय. कोणी आणलं नाही, कोणी सोडलं नाही. त्यानंतर तो खिडक्या बसवायला गेलाच नाही. त्या टाकीला सव्वीस वर्षं झाली. विकायची नाही.

"मी लग्न होऊन आले तेव्हा ही आधीच घरात होती," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे सवत मी की ती, ते तुम्हीच ठरवा. सकाळी उठून आधी हिच्यासमोर उभे राहतात, मग माझा चहा."

"तुम्हाला राग नाही येत?"

"यायचा की. पहिली चार वर्षं बोलले नाही त्या टाकीशी." मग त्या हसल्या. "आता पाणी मीच बदलते तिचं. यांना घाई जमत नाही, मला उशीर सोसत नाही. पण तिचं एक चतुर्थांशच पाणी बदलायचं, त्याहून जास्त नाही, हे शिकलेय."

मला ते हसणं जमलं नाही.

घरी भिंगरीनं तीन टाक्या मांडल्या. त्यांना ती ग्रह म्हणायची. पहिला ग्रह खिडकीच्या कठड्यावर. तो दुपारी चौतीस अंशांवर जायचा आणि पहाटे बाविसावर यायचा. तिसरा कपाटाखाली पुठ्ठ्यानं झाकलेला, तळाशी छोटा हीटर. दुसरा मधल्या टेबलावर, काळ्या डबीतल्या स्पंजाच्या फिल्टरसह. सहा आठवडे दुसऱ्या ग्रहावर रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, ते कुजून स्पंजातल्या यजमानांना मिळतं, आणि वाट बघायची. सहा आठवडे झाले, थांबेकर स्वतः घरी येऊन पाणी हुंगून गेला, आणि मग त्यानं चार मासे दिले. बोटाच्या पेराएवढे, रुपेरी. ते जगले की प्रयोग सिद्ध. प्रदर्शनाला वीस दिवस उरले होते.

या काळात भिंगरी कानावर पेन्सिल खोचायला लागली, त्याच्यासारखी. जेवायला बोलावलं की "थांब" म्हणायला लागली. बाबा हसायचे. मी म्हणायची, "दम्याची पोर, नीट वेळेवर जेव."

मासे येऊन आठवडा झाला असेल. भिंगरी शाळेत होती. टेबलावर तिची वही होती आणि मी ती उघडली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'मार्गदर्शक', आणि पुढे थांबेकराचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. जे नाव सगळा भाग विसरला ते माझ्या मुलीनं विचारून घेतलं होतं. शेवटच्या पानावर आभार होते. 'आई: टेबल दिल्याबद्दल.'

मी ते दोनदा वाचलं.

मग टाकीसमोर उभी राहिले. तळाशी गाळ होता, डबीच्या फटीतून तपकिरी काहीतरी लोंबत होतं. ही बुरशी रात्रंदिवस माझ्या मुलीच्या श्वासाजवळ आहे, असं मी मनाला सांगितलं. पण हात पुढे झाला तो त्या विचारानं नाही. टेबल दिल्याबद्दल! माझ्या मुलीच्या ग्रहावर माझं म्हणून काहीतरी असावं, एवढंच मला हवं होतं. मी डबी उघडली, स्पंज काढला, कढत पाण्यात साबणाचा चुरा टाकून तो खसाखसा धुतला आणि नऊ वेळा खळबळून काढला. प्रयोगशाळेतली सवय. पाणी स्वच्छ निथळेपर्यंत सोडलं नाही. स्पंज पिवळाधमक, नव्यासारखा झाला. मग तो डबीत घालून झाकण लावलं. भिंगरी आली की दाखवायचं होतं, बघ, आता कसं छान झालं.

भिंगरी आली ती दारातूनच सुरू झाली, "आई, काका म्हणाले..." आणि मी डबी न उघडता ताट वाढायला गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करत होते. भिंगरी खाली बसून बघत होती.

"आई, असं का करतायत ते?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. कळायला हवं होतंच. अमोनिया, त्याचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट, आणि हे करणारे जिवाणू. या एका साखळीवर मी परीक्षेत पूर्ण गुण मिळवले होते. सात वर्षं मी तिचे आकडे लिहिले होते. तिचा वास, तिचा बुळबुळीतपणा मात्र मी कधी ओळखीचा करून घेतला नव्हता. आमच्याकडे नमुने बाटलीत यायचे, सीलबंद. भिंगरीचे परग्रहवासी मी मोरीत धुऊन टाकले होते, साबणानं, नऊ वेळा.

तेव्हाच सांगितलं असतं तर अजून पाणी बदलता आलं असतं. थांबेकराकडून स्पंज आणता आला असता. मी म्हणाले, "मासेच आजारी असतील. दुकानातून येतानाच."

तिसऱ्या दिवशी चौघेही पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

भिंगरी रडली नाही. तिनं मासे कागदात घेतले, काळी डबी उपसून पिशवीत टाकली, आणि दुकानाकडे निघाली. मी मागोमाग. तिच्या चालण्यात इतका राग होता की मला तिच्या श्वासाची भीती वाटली, आणि लाज वाटते सांगायला, पण थोडा आनंदही झाला. पहिल्यांदा ती त्याच्यावर रागावली होती.

"काका, तुम्ही आजारी मासे दिलेत," तिनं डबी काउंटरवर आपटली.

थांबेकरानं आधी मासे बघितले. कल्ले उचलून पाहिले. मग, भिंगरीची नजर अजून माशांवरच होती तेवढ्यात, तिच्याकडे पाठ करून डबी उघडली. पिवळाधमक स्पंज बाहेर आला. त्यानं तो नाकाजवळ नेला. एकदाच. मग माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, कागद कुठे ओला झालाय ते शोधताना बघतो तसं. माझे हात मी पदराखाली घेतले.

त्यानं स्पंज परत डबीत ठेवला आणि झाकण लावलं.

"माझंच चुकलं, बाळा," तो म्हणाला. "मासे द्यायची मी घाई केली."

"घाई? तुम्ही?" वहिनी गल्ल्यावरून उठल्याच. "स्वतःच्या लग्नाला दोन तास उशिरा आलेला माणूस हा! घाई म्हणे! दाखवा तो स्पंज इकडे..."

"तू गप गं."

"तुम्ही मला रोज थांब थांब म्हणालात," भिंगरीचा आवाज चिरकला, "आणि स्वतःच नाही थांबलात? माझं प्रदर्शन बारा दिवसांवर आलंय, काका!"

"चुकलं," तो पुन्हा म्हणाला.

भिंगरी वळली आणि तडक घरी आली. त्यानंतर तीन दिवस ती दुकानाकडे फिरकली नाही. शाळेतून सरळ घरी. कानावरची पेन्सिल गेली. मी तिच्या आवडीचं करून वाढलं, ती वेळेवर जेवली, प्रत्येक प्रश्नाला "हो" किंवा "नाही" म्हणाली. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. ती पूर्ण माझी होती आणि टाकीतल्या कोऱ्या पाण्यासारखी होती.

चौथ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी एकटी दुकानात गेले. वहिनींनी माझ्याकडे बघून तोंड फिरवलं. थांबेकर सिलिकॉनची रेघ ओढत होता. रेघ संपेपर्यंत मी उभी राहिले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"साबणाचा वास जात नाही, ताई. कितीही धुवा."

"मग सांगितलं का नाहीत तिला? तुमचं नाव खराब झालं. तुम्ही घाई केलीत असं ती शाळेत सांगतेय."

त्यानं हिरकणी पुसली. "मी दुकानदार. माझ्यावर चार दिवस रागावली तर समोर दुसरं दुकान आहे. तुमच्यावर रागावून ती जाईल कुठे?"

सव्वीस वर्षांत या माणसानं एकाच गोष्टीचा अभिमान बाळगला, की तो घाई करत नाही. माझ्यासाठी त्यानं तोच मोडून दिला होता. नाही, माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. तिला घरी येऊन टेकायला जागा राहावी म्हणून. ते ऐकून मी विरघळून जायला हवं होतं. पण मला पुन्हा तोच मत्सर वाटला, आधीपेक्षा तीव्र. माझ्या मुलीसाठी हे करायला मला सुचलं नव्हतं. त्याला एका वासात सुचलं.

वहिनी पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सांगा तिला. यांचं काय, हे थांबतील जन्मभर. पोरीच्या मनात मुरलं की निघायचं नाही."

त्या दुपारी भिंगरी आली, तिनं दप्तर ठेवलं, आणि मी सांगितलं. साबण, कढत पाणी, नऊ वेळा. मासे तोंड उघडत होते तेव्हा मला कळलं होतं, हेही सांगितलं. वही वाचली, हेही शेवटी सांगितलं.

मी सवयीनं तिच्या छातीकडे बघितलं. श्वास नीट चालला होता.

"काकांना माहीत होतं?"

"हो."

"आणि मी त्यांना तसं बोलत होते, तेव्हा तू तिथे उभी होतीस?"

"हो."

तिनं चप्पल घातली आणि निघाली. मी ठरवलं होतं की जायचं नाही, तरी थोड्या अंतरानं गेलेच. रस्त्याच्या पलीकडून दुकानाची काच दिसते. थांबेकर नवी टाकी जोडत होता. भिंगरी त्याच्या बाजूला उभी राहून भराभर बोलत होती, डोळे पुसत होती. त्यानं मान वर केली नाही, रेघ अर्ध्यावर होती. रेघ संपली तेव्हा त्यानं चिकटपट्टीचं एक टोक तिच्या हातात दिलं. तिनं ते धरलं. दोघं मिळून पट्टी ओढायला लागले. एवढंच. एवढ्यात त्यांचं मिटलं. मग तो मागच्या टाकीकडे गेला, सव्वीस वर्षांच्या स्पंजाचा एक तुकडा कात्रीनं कापला, पाण्यासकट पिशवीत घातला आणि तिला दिला. विरजण द्यावं तसा.

माझ्याशी मात्र ती पुढचे तीन दिवस बोलली नाही. दुसऱ्या ग्रहात तिनं तो तुकडा सोडला, खाद्य टाकलं, तापमान लिहिलं, आणि मी खोलीत गेले की वही मिटून घेतली. एकदा उघडी राहिली होती. तक्त्यात लिहिलं होतं: 'दुसरा ग्रह. जीवसृष्टी नष्ट. कारण: आई.' मी ती वही हलवली नाही, मिटलीही नाही. तिचे बाबा म्हणाले, "मुलगी आहे, बोलेल." मी म्हटलं, "तुम्हाला काय जातंय बोलायला." ते म्हणाले, "माझं नाव तर वहीत कुठेच नाही. तुझं निदान दोनदा आहे."

चौथ्या दिवशी मी भांडी विसळत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चौकटीला टेकून, माझ्याकडे न बघता.

"पाण्यात अमोनिया किती चालतो?"

माझ्या घशाशी एकदम सगळं आलं. साखळी, आकडे, तापमान वाढलं की काय होतं, आम्ही कसं मोजायचो, सात वर्षं. मी ते गिळलं.

"मासे सोडायचे असतील तर शून्य."

"आणि तो मोजतात कसा?"

"थेंब टाकून. पाण्याचा रंग बदलतो. मी दाखवीन."

"हं." ती नखानं चौकटीचा रंग खरवडत होती. "काका म्हणाले, मी वासावर चालतो, मला आकडा काढता येत नाही. हे तुझ्या आईला विचार."

म्हणजे तीन दिवसांनी माझ्याशी बोललेला पहिला शब्दही त्यानंच पाठवला होता. तो ओळखीचा मत्सर पुन्हा उठला, अगदी तसाच, जराही कमी नाही. भिंगरी वाट बघत उभी होती. मी नळ बंद केला, हात पुसले आणि म्हटलं, "वही आण."